छोट्या पडद्यावरचे सत्यान्वेषी

रहस्यकथा आणि दूरचित्रवाणी यांची गाठ दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेतच पडली. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले आणि १८ जून १९३७ रोजी तिथूनच आगाथा ख्रिस्तीची ‘वास्प्स नेस्ट’ ही छोटेखानी नाटिका सादर झाली. कथेचे हे नाट्यरूप खुद्द ख्रिस्तीबाईंनीच केले होते. त्यात हर्क्यूल पायरो झाला होता फ्रान्सिस सलिव्हन हा नट. सलिव्हन उंचापुरा आणि धिप्पाड, तर पुस्तकातला पायरो जेमतेम पाच फूट चार इंचांचा, अंड्याच्या आकाराच्या डोक्याचा आणि मिशांना जिवापाड जपणारा. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये एनबीसीने प्रायोगिक प्रक्षेपणात शेरलॉक होम्सची ‘द थ्री गॅरिडेब्स’ ही कथा दाखवली आणि लुई हेक्टर हा छोट्या पडद्यावरचा पहिला होम्स ठरला. दोन्ही प्रयोग थेट झाले, हवेत विरले. पण वाचकाच्या मनातला गुप्तहेर आणि पडद्यावरचा माणूस यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न पहिल्याच खेपेला उभा राहिला आणि पुढे ऐंशीहून अधिक वर्षे त्यावरच वाद होत राहिले.

हा प्रेक्षक कोऱ्या मनाने पडद्यासमोर बसत नव्हता. जुलै १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या, तेव्हा सिडनी पॅजेटच्या चित्रांमुळे होम्सचा चेहरा, त्याची उंच सडसडीत अंगकाठी आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसण्याची लकब वाचकांच्या डोळ्यांत पक्की बसली. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉयलने त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात लोटले, तेव्हा वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगतात. १९०३ मध्ये लेखकाला होम्सला जिवंत परत आणावे लागले. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला. पवित्र ग्रंथांची चिकित्सा ज्या शिस्तीने करतात तीच शिस्त त्याने या कथांना लावली होती, आणि तिथून होम्सच्या अभ्यासाची एक परंपराच सुरू झाली. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा मिळून ज्या साठ कृती होतात, त्यांना चाहते ‘कॅनन’ म्हणजे प्रमाणग्रंथ म्हणू लागले. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ ही मंडळी एकत्र आली, १९५१ मध्ये लंडनमध्ये ‘शेरलॉक होम्स सोसायटी’ स्थापन झाली. वॉटसनला गोळी खांद्यात लागली होती की पायात, यावर जे लोक वर्षानुवर्षे लेख लिहितात, तेच लोक रात्री मालिका पाहायला बसणार, हे प्रत्येक निर्मात्याला ठाऊक असे.

रूपांतराची अडचण केवळ चेहऱ्यापुरती नव्हती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये जी रहस्यकादंबरी घडली, ती लेखक आणि वाचक यांच्यातल्या एका करारावर उभी होती. सगळे दुवे वाचकासमोर ठेवायचे आणि तरीही त्याला चकवायचे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’चे सदस्य या सचोटीची शपथ घेत. त्यात जी. के. चेस्टरटन, डोरोथी सेयर्स आणि ख्रिस्ती होते, तसा वर उल्लेख आलेला नॉक्सही होता. कादंबरीत महत्त्वाचा दुवा लपवण्याची जागा म्हणजे वाक्य. चार बिनमहत्त्वाच्या वस्तूंच्या यादीत पाचवी वस्तू सहज नोंदवली की वाचक पुढे सरकतो. कॅमेऱ्याला असे सहज बोलता येत नाही. एखादी वस्तू त्याने जवळून दाखवली की प्रेक्षक सावध होतो, लांबून दाखवली तर ती कुणाच्या नजरेसच पडत नाही. दुसरी पंचाईत नटांची. संशयितांमध्ये एकच नामांकित नट असला की घरोघरी अर्ध्या तासात निकाल लागतो. म्हणूनच पुढच्या काळात निर्मात्यांनी प्रत्येक छोट्या भूमिकेसाठीही नावाजलेले नट घ्यायला सुरुवात केली. तिसरी आणि सगळ्यांत कठीण बाब निवेदनाची. ज्या कादंबरीचे सारे कौशल्य ‘कोण सांगतो आहे’ यात असते, ती पडद्यावर आणताना निवेदक गळून पडतो आणि कौशल्यही त्याच्याबरोबर जाते.

१९५० आणि ६० च्या दशकांतल्या मालिका स्टुडिओतच उभ्या राहत. वेळ अपुरा, पैसा तुटपुंजा. बीबीसीने १९५१ मध्ये ॲलन व्हीटलीला घेऊन होम्सच्या सहा कथा थेट प्रक्षेपित केल्या. १९६५ मध्ये डग्लस विल्मर आणि १९६८ मध्ये पीटर कुशिंग होम्स झाले. कुशिंगच्या मालिकेचे बहुतेक भाग पुढे पुसले गेले, कारण त्या काळी चित्रफिती महाग होत्या आणि जुन्या कार्यक्रमांवर नवे मुद्रण करण्याची रीतच होती. या काळातले खरे यश जॉर्ज सिमेनॉच्या मेग्रेचे. १९६० ते १९६३ या काळात रुपर्ट डेव्हिसने बावन्न भागांत पॅरिसचा हा पोलीस अधिकारी उभा केला. भिंतीवर काडी ओढून पाइप पेटवणारा मेग्रे ब्रिटिश घराघरांत पोचला आणि आपल्या कामाच्या रूपांतरांबद्दल चोखंदळ असलेल्या सिमेनॉनेही डेव्हिसला पसंती दिली.

होम्सच्या बाबतीत पहिले सर्वांगीण काम झाले ते इंग्लंडबाहेर. लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओने १९७९ ते १९८६ या काळात इगोर मास्लेनिकोव्हच्या दिग्दर्शनाखाली दूरचित्रवाणीसाठी होम्सपट केले. रिगा शहरातला एक जुना रस्ता बेकर स्ट्रीट झाला, वसिली लिव्हानोव्ह होम्स झाला आणि विताली सोलोमिन वॉटसन. सोव्हिएत प्रेक्षकांना लंडन पाहायला मिळणे दुरापास्त होते. त्यांनी हे लंडन मनापासून आपले मानले. २००६ मध्ये ब्रिटनने लिव्हानोव्हला सन्माननीय एमबीई किताब दिला आणि पुढच्या वर्षी मॉस्कोत ब्रिटिश वकिलातीजवळ या दोघांचा पुतळा उभा राहिला. त्यांचे चेहरे पुतळ्यांवर ओळखू येतात. एका परक्या देशाच्या गुप्तहेराला मिळालेली ही दाद फार मोठी आहे.

ब्रिटनमध्ये डॉयलच्या लेखनाचा स्वामित्वहक्क १९८० मध्ये संपला आणि मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने होम्स हाती घेतला. निर्माता मायकेल कॉक्स स्वतः कथांचा जाणकार. त्याने आणि सहकाऱ्यांनी काम सुरू करण्यापूर्वी ‘बेकर स्ट्रीट फाइल’ नावाची सत्त्याहत्तर पानांची टिपणवही तयार केली. होम्स काय खातो, तंबाखू कुठे ठेवतो, वॉटसन त्याला कसा संबोधतो, खोलीत कोणती वस्तू कुठे आहे, हे सारे मूळ कथांतून वेचून तीत नोंदवले होते. स्टुडिओच्या आवारात बेकर स्ट्रीटचा अख्खा रस्ता बांधला गेला. अनेक दृश्यांची मांडणी पॅजेटच्या चित्रांवरून केली, इतकी की जुन्या मासिकाचे पान हलू लागल्यासारखे वाटावे. शिकारी टोपीचेही तसेच. डॉयलने शहरात होम्सला ती कधी घातली नव्हती. ग्रॅनाडाचा होम्स लंडनमध्ये उंच काळी हॅट घालतो, ती टोपी गावाकडच्या प्रवासातच दिसते. चाहत्यांच्या नजरेतून असे बारकावे सुटत नाहीत.

२४ एप्रिल १९८४ रोजी ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ने मालिका सुरू झाली. जेरेमी ब्रेटचा होम्स आधीच्या होम्सांपेक्षा वेगळा होता. अस्वस्थ, क्षणात उसळणारा, क्षणात गोठणारा, हातांच्या झटक्यांनी बोलणारा. सुरुवातीला काही जुन्या चाहत्यांना तो अति वाटला, पण कथा उघडून पाहिल्यावर हा तऱ्हेवाईकपणा डॉयलनेच लिहिलेला आहे हे त्यांनाही मान्य करावे लागले. त्याहून मोठे काम वॉटसनचे झाले. १९३९ ते १९४६ या काळातल्या बेसिल रॅथबोनच्या चौदा चित्रपटांनी वॉटसनला वेंधळा, विनोदी सोबती करून ठेवले होते. डेव्हिड बर्क आणि १९८६ पासून एडवर्ड हार्डविक यांनी त्याला पुन्हा डॉक्टर, सैनिक आणि शहाणा मित्र केले. चाहत्यांनी या मालिकेचे सगळ्यांत जास्त आभार मानले ते यासाठी.

निष्ठा म्हणजे नक्कल नव्हे, हे या मालिकेतल्या एका प्रसंगातून समजते. मूळ कथांतला होम्स कोकेन टोचून घेतो. मालिका लहान मुलेही पाहत असल्याची जाणीव ब्रेटला होती. १९८८ च्या ‘द डेव्हिल्स फूट’ या भागात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर होम्स आपली सुई वाळूत पुरून टाकतो. डॉयलच्या कथेत हा प्रसंग नाही. त्यासाठी लेखकाची कन्या डेम जीन कॉनन डॉयल यांची परवानगी घेतली होती. कॅननमधले एकेक अक्षर मोजणाऱ्या चाहत्यांनीही हा बदल स्वीकारला, कारण तो व्यक्तिरेखेच्या अंगातून आलेला होता.

उलट अनुभवही याच मालिकेने दिला. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ या पोलीस मालिकेच्या दोन तासांच्या भागांना यश मिळाल्यावर होम्सच्याही लांब भागांची मागणी झाली. वीस पानांची कथा दोन तास ताणायची म्हणजे पदरचे कथानक घालणे आले. १९९३ चे ‘द लास्ट व्हँपायर’ आणि ‘द एलिजिबल बॅचलर’ हे भाग स्वप्ने, भास आणि भयप्रसंग यांनी इतके भरले की मूळ कथा शोधावी लागे, आणि चाहत्यांनी ते नापसंत केले. तोवर ब्रेटची तब्येत ढासळली होती. पत्नी जोन विल्सन १९८५ मध्ये गेली होती. त्याला द्विध्रुवी मनोविकार होता. औषधांनी शरीर सुजले होते, हृदयही दुबळे झाले होते. १९९४ च्या शेवटच्या मालिकेत एका भागात तो इतका आजारी होता की होम्सचे काम भाऊ मायक्रॉफ्टकडे द्यावे लागले. १२ सप्टेंबर १९९५ रोजी तो गेला. एकेचाळीस भाग झाले, पण होम्स आणि वॉटसनची पहिली भेट ज्या कादंबरीत होते ती ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ राहूनच गेली. सगळा कॅनन एकाच नटाकडून पाहण्याची चाहत्यांची इच्छा तेव्हा अपुरी राहिली, आणि आजही अपुरीच आहे.

ख्रिस्तीच्या बाबतीत दूरचित्रवाणीला फार थांबावे लागले. या माध्यमाविषयी तिच्या मनात अढी होती. १९६० च्या दशकात मार्गारेट रदरफर्डने चित्रपटांत मिस मार्पल केली, ती रांगडी आणि धमाल होती. ख्रिस्तीला नटीबद्दल आदर होता, चित्रपट मात्र मुळीच रुचले नाहीत. १९७६ मध्ये ख्रिस्तीच्या निधनानंतर हक्कांचे निर्णय कन्या रोझलिंड हिक्स यांच्या देखरेखीखाली होऊ लागले आणि हळूहळू दारे उघडली.

डिसेंबर १९८४ मध्ये बीबीसीवर ‘द बॉडी इन द लायब्ररी’ आली आणि जोन हिक्सन मिस मार्पल झाली. तेव्हा ती ७८ वर्षांची होती. १९४० च्या दशकात ख्रिस्तीच्या ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ या नाटकात हिक्सनने काम केले होते. ते पाहून ख्रिस्तीने तिला चिठ्ठी पाठवली होती की पुढेमागे तिने मिस मार्पल करावी. लेखिकेची ती इच्छा जवळजवळ चाळीस वर्षांनी पुरी झाली. हँपशरमधले नेदर वॉलप हे गाव मार्पलचे सेंट मेरी मीड झाले. हिक्सनच्या मार्पलकडे पाहून कुणाला हसू येत नाही. ती विणकाम करत ऐकते, मध्येच निळे डोळे वर करते, आणि समोरचा माणूस नको ते बोलून जातो. त्या नजरेत दया आहे, पण गुन्हेगाराला सूट नाही. १९९२ पर्यंत मार्पलच्या बाराही कादंबऱ्या पूर्ण झाल्या. गती संथ, संवाद भरपूर, आणि युद्धोत्तर इंग्लंडचा थकलेपणाही त्यात उतरलेला. ख्रिस्तीच्या वाचकांत मार्पलबद्दल एकमत असेल तर ते हिक्सनबद्दल आहे.

पायरोचा शोध त्याहून वेडावाकडा. १९८५-८६ मध्ये पीटर उस्तिनोव्हने अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी तीन पायरोपट केले. त्यांत कथा चक्क १९८० च्या दशकात आणून ठेवल्या होत्या. पहिल्या चित्रपटात इन्स्पेक्टर जॅपची भूमिका करणारा नट होता डेव्हिड सूशे. तीन-चार वर्षांत निर्माता ब्रायन ईस्टमनने त्याच सूशेला पायरो म्हणून निवडले. रोझलिंड हिक्स यांनी त्याला आधीच बजावले होते की प्रेक्षक पायरोबरोबर हसला तर चालेल, पायरोला हसता कामा नये. सूशेने सगळ्या कथा वाचून काढल्या आणि ९३ मुद्द्यांची टिपणे केली. चहा-कॉफीत साखरेचे चौकोन किती, तो आडनावाने कुणाला हाक मारतो, खिशातल्या घड्याळाशी कसा वागतो, खेड्यातल्या चिखलाचा त्याला किती तिटकारा, असे सारे त्यांत होते. चाल ठरवताना त्याने नितंबांमध्ये नाणे धरून चालण्याची तालीम केली. तीच ती आखडून टाकलेली छोटी, जलद पावले. पोट, पाठ आणि खांदे भरण्यासाठी अंगाला गाद्या बांधल्या. ८ जानेवारी १९८९ रोजी ‘द ॲडव्हेंचर ऑफ द क्लॅपहॅम कुक’ दाखवली गेली आणि एका संध्याकाळीत आधीचे सगळे पायरो मागे पडले.

पहिल्या काही वर्षांत पन्नास मिनिटांचे भाग लघुकथांवर होते. लंडनमधली फ्लोरिन कोर्ट ही १९३६ ची इमारत पायरोचे घर झाली, ख्रिस्तोफर गनिंगचे सॅक्सोफोनवरचे संगीत सुरू झाले की लोक दिवाणखान्यात जमत. पायरोचा मित्र हेस्टिंग्ज, इन्स्पेक्टर जॅप आणि सेक्रेटरी मिस लेमन ही तिघे मूळ कथांत जिथे नव्हती तिथेही आणली गेली. आश्चर्य म्हणजे वाचकांनी याबद्दल फारशी तक्रार केली नाही. पायरोला घर हवे होते, माणसे हवी होती, आणि ती तिघे ख्रिस्तीचीच होती. सगळ्या कथा १९३० च्या दशकात ठेवण्याचा निर्णय मात्र दुधारी ठरला. ‘थर्ड गर्ल’ ही १९६६ ची कादंबरी. लांब केसांची मुले, नव्या पिढीचे लंडन आणि त्यात गोंधळलेला म्हातारा पायरो हा तिचा प्राण. ती तीस वर्षे मागे नेल्यावर कोडे उरले, प्राण गेला.

‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ हे निवेदनाच्या अडचणीचे सर्वांत ठळक उदाहरण. १९२६ च्या या कादंबरीतली किमया कागदावरच शक्य आहे. (ती काय, हे न वाचलेल्यांसाठी इथे सांगणे योग्य नाही.) २००० मधल्या भागात ती किमया सोडून द्यावी लागली आणि शेवटी कारखान्यातला पाठलाग व गोळीबार आला. चाहत्यांची घोर निराशा झाली. याउलट २००३ मध्ये निर्माते बदलल्यावर आलेली ‘फाइव्ह लिटल पिग्ज’. त्यात बदल थोडे नव्हते. मूळ कादंबरीत शिक्षा भोगताना तुरुंगात मरण पावलेल्या स्त्रीला इथे फाशी होते, एका पात्राचे प्रेमही वेगळ्या दिशेला वळवले आहे. तरीही हा भाग बहुतेक चाहते पहिल्या पाचांत धरतात. पाच साक्षीदारांच्या पाच आठवणी, एकाच उन्हाळी दिवसाच्या पाच छटा, आणि त्यांतून सत्य वेचणारा पायरो ही कादंबरीची बांधणी तिथे शाबूत आहे. ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’च्या भागात गुलामांच्या व्यापाराचा मूळ पुस्तकात नसलेला धागा घुसवला, तेव्हा बांधणीच मोडली आणि तो भाग आजही नावडत्यांच्या यादीत आहे. वाचक कथानकातली काटछाट सोसतो, पात्रांची भर सोसतो. त्याला सोसत नाही ते कोड्याची वीण उसवणे आणि गुप्तहेराचा स्वभाव पालटणे.

चोवीस वर्षांत सत्तर भाग झाले. ‘कर्टन’ ही पायरोची शेवटची कथा १३ नोव्हेंबर २०१३ रोजी दाखवली गेली. चित्रीकरण मात्र तिचे आधी उरकले होते, कारण सूशेला पायरोच्या मृत्यूवर निरोप घ्यायचा नव्हता. शेवटचे चित्रीकरण झाले ते ‘डेड मॅन्स फॉली’चे, डेव्हनमधल्या ग्रीनवे या ख्रिस्तीच्याच घरी. त्या कादंबरीतले घर तिने याच वास्तूवरून रंगवले होते. पायरोवरच्या लेखनातली जवळपास प्रत्येक कथा मालिकेत आली. ‘द लेमेशुरियर इनहेरिटन्स’ ही एक लघुकथा स्वतंत्र भाग म्हणून आली नाही, आणि ती कुठली हे कट्टर चाहत्याला झोपेत विचारले तरी सांगता येते.

दरम्यान ख्रिस्तीच्या हक्कांची मालकी बदलली होती. १९६८ पासून हे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीतला मोठा वाटा बुकर समूहाकडे होता, १९९८ मध्ये तो ‘कोरिऑन’ या कंपनीकडे गेला. जुन्या पुस्तकांना तरुण प्रेक्षक मिळवण्याचे धोरण आले. २००४ मध्ये आयटीव्हीवर जेराल्डिन मॅकइवनची नवी मार्पल सुरू झाली. रंग भडक, गती तेज, आणि मिस मार्पलच्या भूतकाळात एका विवाहित सैनिकावरचे प्रेम. पहिल्याच भागात, ‘द बॉडी इन द लायब्ररी’त, खुनी बदलला. पुढे तर ज्या कादंबऱ्यांत मार्पल नाहीच, त्यांतही तिला आणून बसवले: ‘द सिटाफर्ड मिस्टरी’, ‘टुवर्ड्स झीरो’, ‘ऑर्डील बाय इनोसन्स’. वाचकांनी याला विरोध केला आणि तो रास्त होता. ख्रिस्तीच्या कादंबरीत खुनी शेवटी चिकटवलेला नसतो. पहिल्या पानापासूनचे दुवे त्याच्याकडेच जातात. खुनी बदलला की ते सगळे दुवे खोटे पडतात. २००९ पासून जूलिया मॅकेन्झीने भूमिका घेतल्यावर सूर थोडा मवाळ झाला, पण आरोप मिटला नाही.

रूपांतरकारांच्या बाजूनेही एक वजनदार साक्ष आहे आणि ती ख्रिस्तीची आहे. स्वतःच्या कादंबऱ्यांची नाटके करताना तिने ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’, ‘द हॉलो’ आणि नाईल नदीवरच्या खुनाची कथा यांतून पायरोला काढूनच टाकले. ‘अँड देअर वेअर नन’चा अंधारा शेवट तिने १९४३ मध्ये रंगभूमीसाठी सुखान्त केला. चित्रपटांनी दशकानुदशके तोच सुखान्त उचलला. कादंबरीचा शेवट जसाच्या तसा ठेवण्याचे धाडस १९८७ मध्ये सोव्हिएत दिग्दर्शक स्तानिस्लाव गोवोरुखिनने केले आणि इंग्रजी दूरचित्रवाणीवर ते झाले २०१५ मध्ये, सेरा फेल्प्सच्या तीन भागांच्या पटकथेत. ख्रिस्तीच्या जन्माला तेव्हा १२५ वर्षे झाली होती. भाषा, हिंसा, मादक द्रव्ये यांची भर असूनही वाचकांनी ती मालिका उचलून धरली. त्याच फेल्प्सने २०१८ मध्ये ‘ऑर्डील बाय इनोसन्स’चा खुनी बदलला आणि ‘द एबीसी मर्डर्स’मध्ये जॉन माल्कोविचच्या पायरोला धर्मगुरूचा भूतकाळ दिला, तेव्हा तेच वाचक तिच्यावर रागावले. एकाच लेखिकेला मिळालेले हे दोन प्रतिसाद फार बोलके आहेत.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ने २०१० मध्ये आणखी वेगळा मार्ग धरला. स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिस या दोन कॅननप्रेमींनी होम्सला मोबाइलच्या लंडनमध्ये आणले, पण प्रत्येक भागात मूळ कथांचे धागे पेरले. जानेवारी २०१२ मध्ये बेनेडिक्ट कम्बरबॅचचा शेरलॉक इस्पितळाच्या छतावरून पडला. तो वाचला कसा, यावर जगभरचे चाहते दोन वर्षे तर्क लढवत होते. १ जानेवारी २०१४ च्या भागात लेखकांनी असे तर्क लढवणारे चाहतेच पात्र म्हणून आणले. काहींना हा सन्मान वाटला, काहींना सरळ उत्तर हवे होते. २०१७ मध्ये चौथ्या पर्वात तर्कापेक्षा कौटुंबिक रहस्य वरचढ झाले आणि बराच चाहतावर्ग दुरावला.

कधीकधी पडदाच पुस्तकाला बदलतो. कॉलिन डेक्स्टरच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत सार्जंट लुइस हा मोर्सहून वयाने मोठा, वेल्समधला. १९८७ पासूनच्या मालिकेत तरुण केव्हिन व्हेटलीने तो केला आणि डेक्स्टरने पुढच्या पुस्तकांत लुइसला त्याच्याच वळणावर नेले. मोर्सची लान्सिया गाडीही जॅग्वार झाली. बंगालमध्ये हेच घडले होते. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’त संतोष दत्त हे गुप्तहेर फेलूदाचा सोबती जटायू झाले, आणि त्यानंतर राय यांनी फेलूदाच्या कथांसाठी काढलेल्या चित्रांत जटायूला दत्तांचाच चेहरा आला. म्हणून १९८६ मध्ये दूरदर्शनवर संदीप राय यांची ‘किस्सा काठमांडू का’ ही हिंदी मालिका आली तेव्हा ती बंगाली चाहत्यांना पचली नाही. शशी कपूर सडपातळ फेलूदाच्या मानाने थोराड दिसत होते. पुण्याच्या मोहन आगाशे यांनी जटायू मन लावून केला, पण तुलना थेट संतोष दत्तांशी होती.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या व्योमकेश बक्षीला मात्र छोट्या पडद्यावर त्याचा माणूस मिळाला. १९३२ मध्ये जन्मलेला हा सत्यान्वेषी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही. शरदिंदु १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले आणि व्योमकेश मागे पडला. १९५२ मध्ये ते सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले, आणि व्योमकेशच्या उत्तरार्धातल्या बहुतेक कथा इथे, महाराष्ट्रात लिहिल्या गेल्या. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा एक कथा अपुरी होती. बासू चटर्जी यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये दोन पर्वांत या कथा हिंदीत आणल्या. रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित आणि सुकन्या कुलकर्णी पत्नी सत्यवती. भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे होम्स आधीच घरचा झालेल्या मराठी वाचकाला धोतर नेसून शांतपणे सिगारेट ओढत विचार करणारा हा देशी गुप्तहेर चटकन आपलासा वाटला. चटर्जींनी कथानकात ढवळाढवळ केली नाही, पाठलाग घातले नाहीत, कोलकात्याच्या मेसमधल्या खोल्या साध्याच ठेवल्या. हातात पैसा कमी होता हे दिसते, पण दुवे सगळे जागच्या जागी आहेत आणि व्योमकेश व अजित यांची मैत्री खरी आहे. नट बंगाली नसूनही बंगाली वाचकांनी त्याला मानले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा पहिल्या प्रक्षेपणानंतर जन्मलेल्या पिढीनेही ती पाहिली. भारतीय दूरचित्रवाणीवर अभिजात रहस्यकथेचे याहून प्रामाणिक रूपांतर अजून झालेले नाही.